शब्दचर्चा : ‘चाल चोरली’ म्हणावं का? (रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचं ‘क्रीप’; बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

चिपळूण : कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ‘क्रीप’ वाजणार आहे, निवेदन मराठीत हवंय. मसुद्यात ‘या पर्यायी रॉक गाण्याची चाल चोरलेली आहे’ असं वाक्य आहे. ‘डेड नोट’ला (तार न दाबता मारलेला, सूर नसलेला ठोका) ‘मृत स्वर’ लिहिलंय. चालेल का?

रत्नागिरी : ‘पर्यायी’ नको. घाट बंद असताना लागतो तो रस्ता पर्यायी. ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’च ठेवा.

कुडाळ : ‘चाल’बद्दल. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, बुवा सिनेमाच्या गाण्यावर गजर बांधतात, तेव्हा वहीत वर ‘चाल : अमुक’ असं लिहितात. शब्द ज्या सुरावटीवर नि लयीवर बसतात ती चाल. मागे गिटारवाला काय धरतो, ते चालीत येत नाही.

‘क्रीप’मध्ये दोन्ही गोष्टी गुंतल्यात. ‘द एअर दॅट आय ब्रीद’ हे अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांचं गाणं; ‘द हॉलीज’नी 1974 मध्ये ते गाजवलं. ‘क्रीप’च्या कडव्याखालच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गट) त्याच क्रमाने जातात, आणि मधल्या चढ्या सुरातल्या ओळींची चालही त्याच्याशी जुळते. त्या दोघांची नावं पुढे श्रेयात आली, रॉयल्टीतही वाटा मिळाला. तेव्हा ‘कॉर्डची साखळी आणि काही ओळींची चाल जुन्या गाण्याशी जुळते’ असं लिहा. श्रेय देऊन झाल्यावर चोरी कसली?

देवगड : ती साखळी पेटीवर ऐकवता येते. सा पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे जी). कॉर्ड चार : जी मेजर, बी मेजर, सी मेजर, सी मायनर. प्रत्येकी 8 मात्रा, फेरा 32 मात्रांचा. लय मिनिटाला साधारण 92, म्हणजे एक फेरा सुमारे 21 सेकंदांचा.

निवेदकाला सगळ्या कॉर्ड धरायची गरज नाही. एकच बोट फिरवायचं : पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, परत काळी दोन. प, कोमल ध, शुद्ध ध, परत कोमल ध. चुकतं ते शेवटच्या पायरीला. सी मेजर धरून नवशिका 16 मात्रा तिथेच बसतो, ध शुद्धच राहतो आणि गाण्यातली सगळी कळ निघून जाते.

मालवण : ‘मृत स्वर’ खोडाच. पखवाजाला खुले बोल आणि बंद बोल असतात, त्यावरून ‘बंद ठोका’ म्हणा. ध्रुवपदाच्या तोंडाशी गिटारचा जो खर्रक-खर्रक आवाज येतो तो हाच. रेडिओहेडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूड, त्याला गाणं फार मवाळ वाटत होतं, ते बिघडवायला त्याने हे ठोके मारले, असं त्याच्याच बँडमधल्या एड ओब्रायनने सांगितलंय.

वाजवायचं असं : डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, डिस्टॉर्शन पेडल (आवाज खरखरीत करणारं पायाचं बटण) चालू, उजव्या हाताने प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) जोरात. दाबलं तर सूर लागतो, उचललं तर मोकळ्या तारा घुमतात. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) एकच बोट टेकलं तर शिट्टीसारखा हार्मोनिक निघतो, म्हणून किमान दोन बोटं आडवी ठेवा. पेडल आधीच चालू राहिलं तर कडवंच खरखरतं आणि ठोक्याचा दणका उरत नाही.

चिपळूण : आभार. सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं : ‘सिंगल आला’ की ‘सिंगल आलं’?

रत्नागिरी : मनात गाणं आहे, म्हणून ‘आलं’. तबकडीच दाखवत असाल तर ‘आली’ही खपेल. वाक्य असं करा : ‘सप्टेंबर 1992 मध्ये सिंगल आलं, ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 78 व्या क्रमांकावर अडलं, 1993 मध्ये पुन्हा काढलं तेव्हा 7 व्या क्रमांकापर्यंत चढलं.’ पहिल्या खेपेला बीबीसी रेडिओ 1 ला ते फारच उदास वाटलं होतं, हेही घाला. रेडिओसाठी ध्रुवपदातली शिवी काढून तिथे ‘व्हेरी’ टाकलेली प्रत आहे. गॅदरिंगला तीच गा. प्राचार्य पहिल्या रांगेत असतात.