24 ब्रशचा सेट नको, चार पुरेत

मेकअप नुकताच शिकतेय, 24 ब्रशचा स्वस्त सेट घेऊ का, असं एकीने विचारलंय. नको घेऊस गं. त्यातले बहुतेक तसेच पडून राहतात. फाउंडेशनचा एक, पावडरचा मोठा मऊ एक, आयशॅडो पसरवायला फुगीर एक आणि भुवयांसाठी तिरक्या टोकाचा एक, एवढ्यावर लग्नाला जाण्यापुरता मेकअपही होतो. ब्रशचे केस सिंथेटिकच बघ. नैसर्गिक केस क्रीम आणि लिक्विड पिऊन टाकतात. दुकानात गालावर फिरवू नकोस, हाताच्या मागे फिरवून बघ. टोचला तर परत ठेव.

धुण्याचं मात्र मनावर घे. फाउंडेशनचा ब्रश आठवड्यातून एकदा तरी धुवायचाच: बेबी शाम्पू, कोमट पाणी आणि केसांचं तोंड कायम खाली. केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीत पाणी शिरलं की आतला गोंद सुटतो. माझा पहिला चांगला ब्रश रात्रभर मगात भिजत ठेवला आणि आठवड्याभरात त्याचे केस गळायला लागले. फार वाईट वाटलं होतं. वाळवताना टेबलाच्या कडेला आडवा ठेव, केस बाहेर. पावसाळ्यात पंख्याखालीच, आणि पूर्ण सुकल्याशिवाय पाऊचमध्ये घालू नकोस, कुबट वास धरतो. डोळ्यांचा ब्रश तर सख्ख्या बहिणीलाही देऊ नकोस.