मदत हवी आहे: ह्यूगोवर नेलेल्या साइटचं मराठी गायब. घाई आहे!

जुनी_वही:
मामांची नाट्यपरीक्षणांची साइट ह्यूगोवर (मार्कडाउन नावाच्या साध्या मजकूर-फाइलींतून स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार पानांची, साइट बनवणारं सॉफ्टवेअर) हलवतेय. स्क्रिप्ट चालवली, मार्कडाउन फाइली बनल्या. उघडल्या तर मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, परत तोच ए... पानभर हेच. होस्टिंग ३१ तारखेला संपतंय, पुन्हा पैसे भरणार नाही. काय चुकलं?

खिडकीवाला:
कशातून काढलंत? वर्डप्रेस, जूमला की हाताने लिहिलेलं एचटीएमएल?

बोरकूट:
ह्यूगो कशाला? जेकिल घ्या, तेही हेच काम करतं. २००८ पासून आहे, माझा ब्लॉग त्यावरच चाललाय.

सांडगा:
रविवारभर रूबी भाषेच्या जेमांची (जोड-पॅकेजांची) भांडणं सोडवायची हौस असेल तर जरूर घ्या. ह्यूगो म्हणजे एकच फाइल, उतरवा आणि चालवा. हजार पानं काही सेकंदांत तयार.

बोरकूट:
वाचलेल्या सेकंदांचं लोणचं घालणार का? साइट वर्षातून दोनदा बदलणार!

पाटपाणी:
फॉन्टचा घोळ आहे. छापखान्यात हेच निस्तरत आलो. श्रीलिपी असेल तर एक कन्व्हर्टर लागेल, कृतिदेव असेल तर दुसरा. फॉन्ट कोणता ते सांगा.

जुनी_वही:
फॉन्ट नाही हो काका, जुनी साइट आजही ब्राउझरमध्ये नीट दिसतेय! वर्डप्रेसच आहे, आणखी काय असणार.

खिडकीवाला:
वर्डप्रेसच्या स्वतःच्या एक्सपोर्टमधून हा प्रकार व्हायला नको. तोच वापरलात ना?

जुनी_वही:
नाही. मामांना पासवर्ड आठवत नाही. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून डेटाबेसचा डंप (सगळ्या मजकुराची एकगठ्ठा फाइल) घेतला. साइट २००६ची आहे.

खिडकीवाला:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, ताई. मायएसक्यूएलचा (वर्डप्रेसमागच्या डेटाबेसचा) डिफॉल्ट कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, तेव्हा लॅटिन१ (रोमन अक्षरांचा, एका बाइटाला एक अक्षर) होता (तो थेट २०१८च्या ८.० आवृत्तीत बदलला), आणि वर्डप्रेस २००७ पर्यंत डेटाबेसला कॅरेक्टर सेट सांगतच नव्हतं. म्हणजे यूटीएफ-८चे (ज्या पद्धतीत तुमचं मराठी आहे तिचे) बाइट लॅटिन१च्या टेबलात तसेच पडून आहेत. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं, डंप घेताना प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजला गेला. पायथनमध्ये सीपी१२५२ने (लॅटिन१चा विंडोजवरचा भाऊ) एन्कोड करून यूटीएफ-८ने डीकोड करा, झालं.

निवांत_कट्टा:
अवांतर: ‘स्टॅटिक साइट’ला ‘स्थिर संकेतस्थळ’ म्हणायला काय हरकत आहे?

सांडगा:
तुम्ही म्हणा की, कोण अडवतंय.

जुनी_वही:
पहिल्याच फाइलच्या पहिल्याच शब्दावर एरर. शब्द ‘नाट्य’. आता?

खिडकीवाला:
चूक माझी. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१. पायथनच्या सीपी१२५२मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. ए, ऐ आणि झ यांचीही तीच गत. त्यामुळे जोडाक्षर आलं की अडणार. मायएसक्यूएल स्वतः मात्र या जागा सांभाळतं, तेव्हा त्याच्याकडूनच करून घ्या. डंप घरच्या मशीनवर इम्पोर्ट करा. मजकुराचा कॉलम आधी लाँगब्लॉब (नुसते बाइट) करा, मग यूटीएफ८एमबी४चा (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लाँगटेक्स्ट. मधली ब्लॉबची पायरी गाळलीत तर कचऱ्याचंच नीटनेटकं रूपांतर होईल. शीर्षकाच्या कॉलमलाही हेच. मूळ डंपची प्रत बाजूला ठेवा.

बोरकूट:
वर्डप्रेसच ठेवलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

सांडगा:
मघाशी जेकिल म्हणत होतात ना?

निवांत_कट्टा:
मामा संगीत नाटकांवर लिहायचे का? दुवा द्या, वाचतो.

जुनी_वही:
आलं!! ‘नाट्य’सकट सगळं वाचता येतंय. खिडकीवाले, दंडवत. पण आता पत्ते बोंबललेत. लेखांचे मराठी पत्ते बाविसाव्या अक्षराशी तुटतात.

खिडकीवाला:
पत्त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराची नऊ चिन्हं होतात आणि वर्डप्रेसच्या त्या रकान्यात मावतात २००. ते तुटलेलेच पत्ते ह्यूगोच्या एलियसमध्ये (जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर नेणारी सोय) घाला, जुने दुवे चालू राहतील. प्रश्नचिन्ह-पी-बरोबर-आकडा असेही दुवे आहेत का? ते एलियसने होत नाहीत, सर्व्हरवरच वळवावे लागतील. नवं होस्टिंग कुठे घेताय, तिथला सर्व्हर अपाचे आहे का?

जुनी_वही:
होस्टिंगचं अजून ठरवलेलं नाही.

पाटपाणी:
आणि फॉन्ट कोणता ते सांगितलंच नाहीत.