जुन्या घोड्याला (ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला) भंगारातला कंडेन्सर? अजिबात पटत नाही

उरणचा ट्रेलर:
काल इथे एका भावाने लिहिलं, "बारा वर्षांच्या घोड्याला नवा कंडेन्सर म्हणजे पैशाचा चुराडा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना उचला, पट्टी मारून बसवा, गॅस भरा, विषय संपला." कंडेन्सर म्हणजे एसीचा तापलेला गॅस थंड करणारी जाळी. वाचून डोकं फिरलं, कारण हाच सल्ला ऐकून मी एका उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला.

माझी गाडी 2012 ची. घाटात एसी गार, बंदराजवळ करळ फाट्याच्या रांगेत उभी राहिली की गरम हवा. जो तो म्हणे गॅस कमी. शेवटी एकाने गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली. हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबून बाहेर काढलेल्या गॅसचा, काटा तीनशे पीएसआयच्या वर चढत गेला आणि प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर बंद केला. गॅस कमी नव्हताच, उलट जास्त झाला होता! कंडेन्सर सोडवला तर मागे इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) बाजूने चिखलाचा थर, आणि खाऱ्या हवेने फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) अशा कुजलेल्या की बोट लावलं की भुगा.

नवा घेताना जाळीची लांबी-रुंदी, पाइप कुठल्या बाजूला आणि ब्रॅकेट, तिन्ही जुन्याशेजारी ठेवून जुळवलं. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि ओ-रिंगा (जोडाचे रबर) नव्या, पाऊण तास व्हॅक्यूम लावून आतली हवा काढली, गॅस वजनावर मोजून. दोन उन्हाळे झाले, परत हात लावलेला नाही.

कळंबोली एसीवाला:
दादा, तुमचं खरं, पण सगळ्या जुन्या मालाला भंगार म्हणू नका. त्याच मॉडेलच्या अपघातातल्या गाडीचा कंडेन्सर नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळतीसाठी तपासून मी कित्येक बसवलेत. कंडेन्सरच्या कडेच्या टाकीला बारीक भोक असेल तर आर्गन वेल्डिंगही टिकतं. ज्याचा हप्ता थकलाय त्याला नव्याचा आग्रह धरून काय सांगणार?

उरणचा ट्रेलर:
नायट्रोजनने गळती कळेल, आतली घाण कळेल का? ज्या गाडीचा कॉम्प्रेसर फुटला तिचा चुरा कंडेन्सरमध्येच अडकतो. पॅरलल फ्लो कंडेन्सरच्या (यात गॅस शेजारशेजारच्या अनेक नळ्यांतून एकदम जातो) केसासारख्या नळ्या फ्लशने साफ होत नाहीत. आणि महिनोन्‌महिने उघड्या तोंडाने पडलेल्या मालात दमट हवा शिरलेली असते. कॉम्प्रेसर गेला की तो खर्च कोण देणार, तुम्ही?

मालक, चाळीसगाव:
तुम्ही कंडेन्सरवर भांडताय, मी तर कॉम्प्रेसर फिरवणारा बेल्टच काढून ठेवलाय, एसीच बंद. ड्रायव्हर रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपतो. ॲव्हरेज पडलं की हिशोब मला द्यावा लागतो. भाडं तेच, टायर महाग, टोल महाग. आमचे वडील एसीशिवाय तीस वर्षं गाडी चालवत होते.

स्टेअरिंगवरचा माणूस:
शेठ, तुमचे वडील कुठल्या रूटला होते माहीत नाही. मी मे महिन्यात नागपूर–रायपूर करतो. पायाखालून इंजिनची धग येते, क्लचवरचा पाय भाजतो, काच उघडली तर भट्टीचा वारा. मागच्या वर्षी भंडाऱ्याच्या पुढे दुपारी तीनला डोळा लागला. उठलो तेव्हा डावी चाकं साइडपट्टीवर होती आणि पुढे उसाच्या रसाचं दुकान. चार माणसं बसली होती. त्या गाडीचाही बेल्ट काढलेला होता.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या एन-2, एन-3 (साडेतीन टनांवरच्या मालवाहू) गाड्यांना एसी केबिनची सक्ती झाली. जुन्या गाडीतला माणूस काय लोखंडाचा आहे?

मालक, चाळीसगाव:
अपघाताचं माझ्यावर ढकलू नका. झोप येते तर गाडी बाजूला घ्यायची. डिझेल कोण भरतं?

स्टेअरिंगवरचा माणूस:
बाजूला घेतली की दुसऱ्या मिनिटाला फोन तुमचाच येतो, "गाडी का थांबली?" जीपीएस दिलंय ना तुम्ही. एसी नाही, झोप नाही, वर माल वेळेत. आमच्या लेकरांनी काय करायचं ते पण सांगा.

कळंबोली एसीवाला:
दोघंही शांत व्हा. उरणवाले दादा, कॉम्प्रेसर फुटलेल्या गाडीचा माल घ्यायचा नाही, हे मान्य. पॅरलल फ्लो धुता येत नाही हेही मान्य. पण एक लिहितोच, आणि जीव तोडून लिहितो: कारचा कंडेन्सर पंख्यासकट आणून एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढू नका. आपली गाडी चोवीस व्होल्टची, दोन बॅटऱ्यांची. एक बॅटरी उपाशी, दुसरी उकळते. महिन्याला दोन गाड्या अशा येतात माझ्याकडे. आणि नवा घेण्याआधी व्हिस्कस फॅन (इंजिनवरचा पंखा) बघा, इंटरकूलरच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा. निम्म्या गाड्या तिथेच गार होतात.

मालक, चाळीसगाव:
बेल्ट लावतो. चालत्या गाडीत लावा एसी, हरकत नाही. पण उभ्या गाडीत रात्रभर इंजिन चालणार नाही, हे माझं पक्कं.

स्टेअरिंगवरचा माणूस:
रात्रीचं राहू द्या, दुपारचं तरी झालं. फक्त बेल्ट लावून भागणार नाही शेठ, सहा महिने बंद आहे. आधी गेज लावून घ्या.

उरणचा ट्रेलर:
आणि ड्रायर बदला. त्याच्याशिवाय गॅस भरू देऊ नका कुणाला.