मदत हवी आहे: बाबांना ऊन लागलं, पुन्हा तेंदूला जाऊ द्यावं का?

नमस्कार. आमच्या चिमूर तालुक्यात सध्या तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. गुरुवारी बाबा (वय 54) जंगलातून परतताना पडले. आधी वाटलं चक्कर असेल. पण ते मला काकाच्या नावाने हाका मारू लागले आणि माझे हातपायच गळाले. अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी कोरडी. मोहाच्या सावलीत झोपवलं, कॅनमधल्या पाण्यात दुपट्टा भिजवून मानेवर, काखेत ठेवत राहिले, आई डहाळीने वारा घालत होती. धड शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, हे आशाताईंनी सांगितलेलं आठवलं, म्हणून घातलं नाही. 108 च्या गाडीने दवाखान्यात पोचेपर्यंत तास गेला, तरी ताप 104 भरला. दोन सलाईन लावल्या आणि दुसऱ्या दिवशी "उन्हात जाऊ नका" म्हणून सुटी दिली. तपासणी काहीच नाही.

आता बाबा म्हणतात, "हंगाम का आपल्यासाठी थांबून रायते?" खरंच थांबत नाही. जेमतेम पंधरा दिवस, 70 पानांचा एक पुडा, त्यातूनच खरिपाचं बियाणं निघतं. पहाटे चारला जाऊन उन्हाआधी या म्हणावं, तर वाघ. ताडोबा लांब नाही, अंधारात कोणी शिरत नाही. उजाडल्यावर गेलं की डोक्यावर भारा घेऊन परतायला अकरा-बारा वाजतात.

एकदा उष्माघात झालेल्याला किती दिवस उन्हात जाऊ देऊ नये? दुसरं, बीपीच्या गोळीच्या पट्टीवर हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय, म्हणजे लघवी वाढवणारी. त्यावर कंबर दुखते म्हणून रोज दुकानातून डायक्लोफिनॅक आणून खायचे. अंगातलं पाणी आटलं असताना ही दुखण्याची गोळी किडनीला घातक असते, हे नर्सबाईंकडून कळल्यावर ती बंद केली. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करायची हिंमत नाही. उन्हाळ्यात ती बदलून देतात का? मीठ-साखरेचं पाणी (1 लिटरला 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ) बीपीवाल्याला चालतं का? आणि गुरुवारपासून लघवी काळ्या चहासारखी होते आहे.

हिवाळ्याचंही विचारून ठेवते. मोटारीची लाईन रात्रीची असली की बाबा अनवाणी हरभऱ्याचं ओलीत करतात. जानेवारीत बोटं पांढरी पडून बधिर झाली, ती त्यांनी थेट शेकोटीवर धरली. भाजल्याचं कळलंच नाही, सकाळी फोड दिसले. गमबूट चालतील का?

सोमवार, रात्री: लघवीचा रंग वाचून "आजच्या आज न्या" असं लिहिणाऱ्या ताईंचे मनापासून आभार. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी तपासणी) 1.9, म्हणजे जास्त आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, उष्णतेने स्नायूंना इजा झाली की लघवी अशी होते आणि त्याचा भार किडनीवर पडतो. बीपीची गोळी बदलली, आठ दिवसांनी पुन्हा तपासणी, या हंगामात जंगल बंद. बाबा आता ओसरीत बसून पुडे बांधतात, पानं आई आणि मी आणतो.

म्हणून आता आईचं विचारते. जंगलात सोबत गावातले गडी असतात, आडोसा नसतो, म्हणून ती निघाल्यापासून घरी येईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. आज तिचं डोकं दुखत होतं आणि पायात गोळे आले. तुमच्याकडे तेंदूला जाणाऱ्या बाया यावर काय करतात?