मदत हवी आहे: बर्फ ढकलणाऱ्या पात्यावर मागच्या पट्ट्यांचे वळ उमटतात

मंडळी, १:२४ मापाच्या ट्रकला पुढे बर्फ ढकलणारं पातं बसवायचं आहे. खरं पातं ३.६ मीटरचं धरलं, म्हणजे मॉडेलमध्ये १५० मिमी. अर्धा मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीटचे दोन थर पीव्हीसी पाइपवर घट्ट बांधून, बाकातच एकमेकांना चिकटवले. बाक पक्का बसलाय.

अडचण पुढे आहे. पाठीला १ मिमीच्या आठ उभ्या पट्ट्या पातळ सिमेंटने (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने) जोडल्या. समोरची बाजू तेव्हा गुळगुळीत होती. तीन दिवसांनी राखाडी प्रायमर मारला, तर प्रत्येक पट्टीच्या रेषेत नखाला लागेल असा खड्डा! सिमेंट शीटमध्ये मुरून प्लास्टिक मऊ करतं आणि उडताना ते आत ओढतं, एवढं कारण कळतं.

आता पुट्टी भरून घासण्याआधी किती दिवस थांबावं? नव्या पात्याला पट्ट्या सुपरग्लूने लावल्या तर ढकलदांड्याच्या (पातं ट्रकला जोडणाऱ्या दांड्याच्या) जोडावर तो तडकेल का, की दोन भागांचा इपॉक्सीच बरा?

आणखी एक: वडोदऱ्यात सध्या पावसाळी दमट हवा. नारिंगी रंगावर लॅकर क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारला की पांढुरकी झाक येते. ॲक्रिलिक क्लिअर वापरून कोणाला ती टाळता आली आहे का?