आडनाव रडे, मुलीचं नाव काय ठेवू?

धांदलबाबा
नमस्कार मंडळी, आमच्याकडे मुलगी झालीये, बारसं तोंडावर आलंय आणि नावाचा अजून पत्ता नाही. खरी अडचण नावाची नाहीच, आडनावाची आहे. आमचं आडनाव रडे. हसून घ्या एकदा, आम्हाला सवय आहे. हॉस्पिटलात तिच्या मनगटाला पट्टी बांधली त्यावर निळ्या पेनने 'बेबी रडे' लिहिलेलं आणि त्याच वेळी ती टाहो फोडून रडत होती, नर्सबाई हसून हसून बेजार. मी शाळेत 'ए रड्या' ऐकत मोठा झालो, एकदोघांना चोपलं आणि निभावून नेलं, पण पोरीच्या मागे ते नको.

पत्रिकेप्रमाणे वृश्चिक रास, अक्षर न किंवा य. घरात सध्या असं चाललंय की आई म्हणते अक्षर गेलं खड्ड्यात, आनंदी ठेव म्हणजे आडनाव झाकलं जाईल, बायकोला नित्या आवडलंय, ताईने यामिनी सुचवलंय आणि भाऊ नयनावर अडून बसलाय. मला सगळ्यांतच काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाही. आडनाव बदला हा सल्ला प्लीज नको, तो विषय घरात होऊन गेलाय.

शब्दखोर
अभिनंदन! खटकतंय ते बरोबरच खटकतंय. गोची अशी की रडे हे नुसतं आडनाव नाही, ते चक्क क्रियापद आहे. शाळेत रीतिभूतकाळ शिकलो होतो ना, तो रोज येथे बसे, ती फार रडे, तोच हा. म्हणजे पुढे काहीही लावलं तरी वाक्य पूर्ण होतं, कर्ता तुमची मुलगी. काळे, गोरे, लांडगे यांना ही भानगड नाही.

आता तुमची यादी बघा. नित्या रडे म्हणजे नित्य रडे. यामिनी म्हणजे रात्र, तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर ही बातमीच झाली. निशा, रजनी, शर्वरी, विभावरी, संध्या, सगळ्या त्याच कारणाने बाद. नयना रडे... भावाला माझा साष्टांग नमस्कार सांगा. आणि कोणी मुक्ता सुचवलं तर मुक्तपणे रडे, कीर्ती सुचवलं तर घाईत 'किती रडे' ऐकू येतं. काशी तर विचारूच नका.

माझी चाचणी साधी आहे, नाव आडनावाला जोडून मोठ्याने म्हणायचं आणि बघायचं की नाव 'कधी', 'कसं', 'किती' यातल्या कशाचं उत्तर देतंय का. देत असेल तर खोडा. नुसतं 'कोण'चं उत्तर देत असेल तर चालवून घ्या, त्याला इलाज नाही.

ओवीवेडी
शब्दखोर +१. यात एक भर, पुराणातल्या नावांपासून जरा जपून. जानकी रडे, वैदेही रडे, राधा रडे, द्रौपदी रडे हे म्हणून बघा, थेट कीर्तनात बसल्यासारखं वाटतं, बुवा आता चिपळ्या वाजवणार. कारण या सगळ्या जणी कथेत खरोखर रडलेल्या आहेत. य वरून यशोधरा सुचेल तर तिचीही तीच कथा, नवरा मध्यरात्री घर सोडून गेला.
त्यापेक्षा गार्गी बघा की. जनकाच्या सभेत उभं राहून याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारी बाई, तिच्या नावापुढे रडे लागलं तरी कोणाला खरं वाटायचं नाही 😀 अक्षर जुळत नाही पण पत्रिकेत जन्मनाव वेगळं आणि व्यवहारात वेगळं असं किती घरांत असतंच.

आत्याबाई
एवढा काथ्याकूट कशाला म्हणते मी. मुलीची जात, लग्न झालं की आडनाव बदलणारच. तोवर आनंदी ठेवा, आजीचं मन राखलं जाईल.

आगलावेंची_लेक
आत्याबाई, रागावू नका पण मी लग्नानंतरही आडनाव बदललेलं नाही, बदलायलाच हवं असा कायदा नाही, आणि बदललं तरी शाळा-कॉलेजची सगळी वर्षं ह्याच आडनावाने काढायची असतात ना, टिंगल तेव्हाच होते, पुढे कोण विचारतंय.
आता आनंदीबद्दल. हे मी अनुभवाने बोलतेय. माझं आडनाव हँडलमध्ये दिसतंयच. घरच्यांनी उतारा म्हणून माझं नाव मुद्दाम थंडगार अर्थाचं ठेवलं. झालं काय की ज्यांच्या डोक्यात आडनावाचा विनोद आला नसता त्यांच्याही आला, कारण नाव आणि आडनाव दोन्ही मिळून एक जोक तयार झाला. प्रत्येक नवे सर हजेरी घेताना माझ्यापाशी थांबायचे आणि वर्गाकडे बघून मिश्कील हसायचे. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव साधं, ज्याचा आगीशी आणि पाण्याशी कशाशीच संबंध नाही, तिला कोणी काही म्हणालं नाही. शाळा तीच, सरही तेच.
तेव्हा आनंदी, स्मिता, सुहासिनी, प्रसन्ना, हर्षदा यांच्या वाटेला जाऊ नका. करुणा, वर्षा तर नकोच. रडण्या-हसण्याच्या गल्लीतच शिरायचं नाही.

शब्दखोर
हे फार नेमकं सांगितलंत. आम्ही आपले व्याकरणात अडकलो.
उच्चाराचंही एक बघा, र ने संपणारं नाव नको. नूपुर न वरून आहे, गोड आहे, पण नूपुर रडे भरभर म्हटलं की दोन र एकमेकांत घुसतात आणि नूपुरडे होतं. मीरा, तारा, इरा यांतही रारा रारा होतं. चार अक्षरी भारदस्त नाव घ्या, त्याच्या मागे दोन अक्षरी आडनाव आपोआप बारीक होतं. निवेदिता रडे. नीलांबरी रडे. मला तरी निवेदिता कानाला बरं वाटतंय.

कीबोर्डवाला
आयटीतला माणूस म्हणून एक पैलू. बऱ्याच कंपन्यांत इमेल आयडी म्हणजे नावाचं पहिलं अक्षर आणि मागे आडनाव, सगळं सलग. तुमचं आडनाव इंग्रजीत आर ए डी ई असेल तर ट वरून नाव ठेवलंत की आयडी होतो 'ट्रेड'. आणि गार्गी ठेवलंत तर 'ग्रेड' 😂
अमराठी लोक तसंही 'रेड' वाचणार, त्यांच्यापुढे विनोदाचा प्रश्नच येत नाही, स्पेलिंगचा मात्र येतो.

कागदपत्रे
थोडं रुक्ष पण कामाचं. बारशाच्या तारखेला घाबरून दाखल्यावर नाव घालू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे बारशाला कुजबूज करून एक नाव ठेवा, महिना-दोन महिने हाक मारून बघा, मग दाखल्यावर चढवा. घाई न करण्याचं कारण म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो, तिथे जे लिहिलं ते मागे लागतं.
दुसरं, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदांवर मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने येतं. त्यामुळे कागदावर रडेच्या शेजारी मुलगी नसून तुम्ही उभे असणार. चारही शब्द एका दमात म्हणून बघा, वर्गात पुकारतात तसं.

धांदलबाबा
मंडळी, शेवटच्या वाक्याने बायको इतकी हसली की बाळ उठलं. आगलावे ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती गप्प झाली आणि मग म्हणाली "निवेदिता बरं आहे, पण हाक काय मारायची?" नयनावरून भावानेच माघार घेतली. सध्या निवेदिता आणि गार्गी यांत लढत आहे, बायको गार्गीकडे, 'ग्रेड' ऐकून तर तिचं पक्कंच होत आलंय. ते ठरलं तर स्पेलिंगच्या शेवटी आय लावू की डबल ई?

कीबोर्डवाला
आय. डबल ई लावलंत तर बाहेरचे लोक 'गार्जी'च्या पुढे जाऊन अजून काहीतरी वाचतील. आणि एक जे ठरेल तेच दाखला, आधार, शाळा तिन्हीकडे, एका अक्षराचा फरक नको.

ओवीवेडी
हाक मारायला गागी. आजींना सांगा.