मदत हवी आहे: बाबांच्या १९८७ च्या बुलेटला जुना लूक द्यायचाय, पण गॅरेजवाला हेडलाइटचं केसिंगच काढायला निघालाय

मंडळी, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगतो.

बाबांची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. गेली सहा-सात वर्षं ठाण्यात चरईत बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी होती. रिमचं क्रोम पार फुललंय, टाकी हलवली की आत गंजाच्या खपल्या खुळखुळतात. दिवाळीत टाकी रिकामी केली, इग्निशनचे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासले, नवीन प्लग टाकला आणि चौथ्या किकला चालू झाली, अख्खी बिल्डिंग गॅलरीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय की हिला नीट जुन्या धाटणीची करायची.

म्हणजे स्प्रिंगवाली सिंगल सीट, मागे वेगळी छोटी सीट (आईला बसायचं असतं, ती एकदा बोलली की विषय संपला), काळ्याच्या जागी गडद हिरवा रंग आणि टाकीवर हाताने मारलेली सोनेरी रेघ. स्टिकर नको. बजेट साठ-सत्तर हजार, इंजिनचं काम त्यात धरलेलं नाही.

रबाळेला एमआयडीसीत एका गॅरेजमध्ये दाखवली. तो म्हणे साहेब, मागचा मडगार्ड अर्धा कापू, साडीगार्ड फेकू, शेपटाकडची फ्रेम आखूड करू आणि हेडलाइटचं केसिंग काढून साधा गोल लाइट लावू, एकदम विंटेज. अरे बाबा, मद्रासला १९५५ पासून बुलेट बनायला लागल्या त्याच मुळी या केसिंगसकट, ते दोन बारके पायलट लॅम्प म्हणजे तिचे डोळे, ते काढून विंटेज कसलं?

पण खरी अडचण वेगळी आहे. केसिंगमध्ये अँमीटर (करंट दाखवणारा काटा) आहे आणि बाबा गाडी त्याच्यावरच चालू करतात. इग्निशन ऑन करून किक हळूहळू दाबत न्यायची, मायनसकडे झुकलेला काटा टुणकन मध्यावर आला की पॉइंट उघडले, तिथेच थांबायचं, डाव्या हाताचा डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक बोटभर पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लाथ. मी नुसता ताकदीने मारतो आणि नडगीवर खातो. बाबा ७१ वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो, तरी पहिल्या-दुसऱ्या लाथेत काम होतं. तो काटा गेला तर गाडी त्यांची राहणार नाही.

तर विचारायचं हे की केसिंग ठेवून हा लूक जमेल का, रंग बदलला तर आरटीओत काय करावं लागतं, आणि मागे ३.५० चा टायर बसतो का (आत्ता दोन्हीकडे ३.२५-१९ आहे). हाताने रेघ मारणारा पेंटर ठाणे, कळवा, नवी मुंबईत कुठे आहे का, तेही सांगा. आणि हो, ५० वर्षं झालेल्या गाड्यांना जी वेगळी विंटेज नोंदणी मिळते ती आपल्याला मिळेल का?

जुनाप्लग:
केसिंगला हात लावू देऊ नका. ते नुसतं पत्र्याचं झाकण नाही, फोर्कचे पाइप वर त्याच्यातच आवळलेले असतात. ते काढलं की वरचा योक (फोर्कचे पाइप धरणारा जोड) वेगळा लागतो, मग हँडल वेगळं, मग वायरिंग, आणि सगळं करून गाडी सरळ पळेल याची खात्री नाही. माझ्या चुलत भावाने केलंय, आता दर महिन्याला स्टिअरिंगचं बेअरिंग आवळत बसतो.

सीटचं सोपं आहे. मूळ सीटच्याच बोल्टवर बसणारी पट्टी लेथवाल्याकडून करून घ्या, वेल्डिंग नको, उद्या वाटलं तर जुनी सीट परत बसली पाहिजे. ३.५० आरामात बसतो. त्याहून जाड घालायच्या भानगडीत पडू नका, चेनगार्डला घासतो.

चौथागिअर:
कायद्याचं मी सांगतो, कारण मी भोगलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेला मूळ ढाचा बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. फ्रेम कापली तर पासिंगच्या (आरटीओ तपासणीच्या) वेळी सरळ घरी पाठवतात आणि १५ वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी जायचंच असतं. रंग मात्र बदलता येतो, आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्या, विम्यालाही कळवा. साडीगार्ड, मागच्याला धरायला हँडल आणि फूटरेस्ट हे नियमातच आहे, तेव्हा आई जिंकल्या.

विंटेज नोंदणीचा २०२१ चा नियम पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं मोजतो, म्हणजे तुम्हाला २०३७ उजाडेल, आणि तेव्हाही गाडी मूळ रूपातच हवी. आज फ्रेम कापली तर तो दरवाजाही बंद. सायलेन्सर कंपनीसारखा लाँग बॉटल ठेवा, इंदोरी फटाके (मोठा आवाज करणारे सायलेन्सर) लावलेत तर घोडबंदरला पहिल्याच नाक्यावर काढून घेतील.

चरईकर (धागाकर्ता):
दोघांनाही मनापासून धन्यवाद. रबाळेवाल्याला नाही सांगितलं, तो म्हणाला तुम्हाला टेस्ट नाही. असेल बुवा.

बाबांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. हिरव्या रंगाला हो म्हणाले, सीटला हो म्हणाले, टायरबद्दल म्हणाले ३.२५ ला काय धाड भरलीय. मग खाली जाऊन अँमीटरची काच रुमालाने पुसत बसले.

आता टाकी आतून साफ करून मग रंगाला देतो. शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर रिम आणि स्पोक बघायला चाललोय, कुणी येत असेल तर सांगा, अ‍ॅक्टिवावर एक जागा आहे. पेंटरचं अजून कुणीच बोललं नाही, तेवढं बघा.